एका गळ्याची संगीतिका : ज्युडिथ विअर यांच्याविषयी

केतकीबन :

तीन अंक आणि वर एक उपसंहार असलेली संगीतिका सुमारे दहा मिनिटांत आटोपू शकते का, या प्रश्नाचे उत्तर १९७९ सालीच देऊन झालेले आहे. ज्युडिथ विअर या तेव्हा पंचविशीत असलेल्या ब्रिटिश संगीतकर्तीने जेन मॅनिंग या सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीत गाणाऱ्या, गायिकेसाठी 'किंग हॅराल्ड्स सागा' ही रचना लिहिली. तिच्यात वाद्यवृंद नाही आणि पियानोही नाही. एकच गायिका आठ पात्रे गाते, शिवाय नॉर्वेचे अख्खे सैन्यही तीच होते. कथा १०६६ सालची आहे. नॉर्वेचा राजा हॅराल्ड हार्द्रादा इंग्लंड जिंकायला निघतो आणि स्टॅमफर्ड ब्रिजच्या लढाईत मारला जातो. त्यानंतर एकोणीसच दिवसांनी हेस्टिंग्जची प्रसिद्ध लढाई होते आणि तिच्या गाजावाजात हॅराल्डच्या वाट्याला इतिहासाच्या पुस्तकांत जेमतेम एखादी ओळ उरते. आइसलँडचा मध्ययुगीन इतिहासकार स्नॉरी स्टुर्लुसन याच्या बखरीवरून विअर यांनी स्वतःच संहिता बेतली. प्रत्येक अंकाआधी गायिका साध्या बोलण्यात पुढचा प्रसंग सांगते आणि मग तो गाऊन दाखवते. राजाच्या दोन राण्या त्याला निरोप देतात तो प्रसंग द्वंद्वगीताचा आहे, आणि तेही एकाच गळ्याला गावे लागते.

विअर यांची ओळख वृत्तपत्रांतून बहुधा एका वाक्यात करून दिली जाते : ब्रिटिश राजदरबारच्या 'मास्टर ऑफ द क्वीन्स म्युझिक' या पदावर नेमल्या गेलेल्या त्या पहिल्या स्त्री. माहिती खरी आहे, परंतु मला ती अपुरी आणि थोडी दिशाभूल करणारी वाटते. हे पद त्यांना वयाच्या साठाव्या वर्षी मिळाले. तोवर त्यांचे बहुतेक महत्त्वाचे काम लिहून झाले होते. विअर या मुळात गोष्ट सांगणाऱ्या आहेत, आणि ती कमीत कमी सुरांत व कमीत कमी माणसांत कशी उभी करावी याचा ध्यास त्यांनी जन्मभर घेतला, असे माझे म्हणणे आहे. ते पटते की नाही, यावर येथील जाणकारांनी बोलावे म्हणून हा धागा काढला आहे.

थोडे चरित्र आधी सांगते. विअर यांचा जन्म ११ मे १९५४ रोजी केंब्रिज येथे एका स्कॉटिश कुटुंबात झाला, मात्र त्या वाढल्या लंडनजवळ. त्या ओबो हे फुंकवाद्य वाजवत असत आणि ब्रिटनच्या राष्ट्रीय युवा वाद्यवृंदातही त्यांनी वादन केले. शाळेत असतानाच त्यांनी जॉन ताव्हनर यांच्याकडे रचनेचे धडे घेतले. पुढे ताव्हनर ख्रिस्ती धर्मपरंपरेतल्या दीर्घ, ध्यानमग्न, संथ रचनांसाठी नावाजले गेले. त्यांच्या शिष्येचे संगीत नेमके उलट्या स्वभावाचे निघाले : चपळ, खट्याळ, आणि काम झाले की लगेच थांबणारे. १९७३ साली त्या केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात दाखल झाल्या. त्या कॉलेजने स्त्रियांना प्रवेश देऊन तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. तेथे रॉबिन हॉलोवे हे त्यांचे शिक्षक होते, आणि १९७५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील टँगलवुड येथे त्या गुंथर शुलर यांच्याकडे शिकल्या.

त्यानंतरची काही वर्षे मला अधिक महत्त्वाची वाटतात. पदवी मिळाल्यावर त्यांनी दक्षिण इंग्लंडच्या ग्रामीण भागात शाळांमध्ये आणि प्रौढशिक्षणाच्या वर्गांत संगीताचे काम केले. समोर हौशी गाणारे, मोजकी वाद्ये आणि थोडा वेळ असताना काय लिहिता येईल, याचा विचार तेथे रोजच करावा लागत असणार. नंतर त्या ग्लासगो विद्यापीठात शिकवू लागल्या, आणि स्कॉटलंडच्या लोककथा व लोकसंगीत यांच्याशी त्यांचे नाते तेव्हापासून घट्ट होत गेले.

पुढच्या मोठ्या संगीतिकांची नावे फक्त नोंदवून ठेवते : 'अ नाइट अॅट द चायनीज ऑपेरा' (१९८७), 'द व्हॅनिशिंग ब्राइडग्रूम' (१९९०), 'ब्लाँड एकबर्ट' (१९९४) आणि 'मिस फॉर्च्यून' (२०११). या चारही संहिता विअर यांच्या स्वतःच्या आहेत. ज्यांनी त्या नीट ऐकल्या आहेत त्यांनी त्यांविषयी लिहावे.

उत्तररंग :

केतकीताई, आपला धागा वाचून काल रात्री 'किंग हॅराल्ड'चे ध्वनिमुद्रण शोधून ऐकले. पाश्चात्त्य संगीताचा माझा अभ्यास नाही. लहानपणापासून मी नारदीय कीर्तने ऐकत आलो आहे, एवढ्याच भांडवलावर लिहितो.

हा प्रकार मला अनोळखी वाटलाच नाही. आमच्या गावच्या देवळात बुवा उत्तररंगात आख्यान लावत, तेव्हा तेच राम होत, तेच कैकेयी होत आणि उपरणे डोक्यावरून घेतले की तेच मंथराही होत. वानरसेना उभी करायला त्यांना दुसरा माणूस लागत नसे. आधी दोन वाक्ये गद्यात बोलायची, श्रोत्यांना प्रसंगाची जागा दाखवायची आणि मग पदाला हात घालायचा, ही रीत विअर यांच्या रचनेत जशीच्या तशी दिसते. एका माणसाने अनेकांचे सोंग घेतले की श्रोता ते सोंग पुरे करायला आपण होऊन पुढे सरकतो, हे मर्म त्यांना उमगलेले आहे.

परंतु दोन्ही गोष्टी एकच आहेत असे मी म्हणणार नाही. कीर्तनकाराच्या मागे पेटी, तबला, झांज असते. सूर सुटला तर धरायला आधार असतो. हॅराल्डच्या गायिकेला कोणी सूरही देत नाही. दुसरे असे की, बुवांना सभा रंगली तर तासभर वाढवण्याची मुभा असते. येथे प्रत्येक स्वर कागदावर लिहिलेला आहे आणि लेखिकेने एकही फाजील अक्षर ठेवलेले नाही. शेवटी आइसलँडमधला एक जाणता पुरुष येऊन या साऱ्या खटाटोपावर आपला कोरडा शेरा मारून जातो, तेथे मी मोठ्याने हसलो. एवढ्या मोठ्या स्वारीचा आणि एका राजाच्या मरणाचा निकाल असा लावायला धैर्य लागते.

चौकस :

लेख आवडला. तरीही राजदरबारच्या पदाला बाजूला सारण्याची घाई मला योग्य वाटत नाही. हे पद चार्ल्स पहिला याच्या कारकिर्दीत, सतराव्या शतकात सुरू झाले आणि निकोलस लॅनियर हा त्याचा पहिला मानकरी होता. एडवर्ड एल्गार यांनी ते १९२४ पासून मृत्यूपर्यंत भूषवले. जवळजवळ चारशे वर्षांत एकाही स्त्रीची निवड झाली नसेल, तर २०१४ ची नेमणूक ही निव्वळ बातमी राहत नाही. पदाच्या नावातला 'मास्टर' हा पुल्लिंगी शब्द विअर यांच्या काळातही तसाच राहिला, ही गंमतही नोंदवण्यासारखी आहे.

माझा प्रश्न वेगळाच आहे. अशा पदावरचा कलावंत राजघराण्याच्या वाढदिवसांसाठी आणि समारंभांसाठी लिहिणार. यात गोष्ट सांगणाऱ्या स्वतंत्र प्रतिभेला काय वाव राहतो? हा मान आहे की वेठ?

केतकीबन :

चौकस, वेठ हा शब्द पूर्वी कदाचित लागू पडला असता. पद तहहयात असे, आणि त्याचे ओझे सर्वांना पेलले असे नाही. माल्कम विल्यमसन यांची नेमणूक १९७५ साली झाली. राणीच्या कारकिर्दीच्या १९७७ मधील रौप्यमहोत्सवासाठी त्यांनी हाती घेतलेली मोठी रचना वेळेत पुरी झाली नाही आणि त्याचा बोभाटा त्यांना पुढे बरीच वर्षे पुरला. तरीही २००३ साली मृत्यू होईपर्यंत ते त्या पदावर होते. त्यांच्यानंतर पीटर मॅक्सवेल डेव्हिस यांची नेमणूक दहा वर्षांच्या मुदतीने झाली आणि विअर यांनाही तीच मुदत मिळाली. २०२४ साली बेलिझमध्ये जन्मलेल्या एरोलिन वॉलन त्यांच्या जागी आल्या. म्हणजे दार एकदा उघडल्यावर ते लगेच बंद झाले नाही; ती नेमणूक निव्वळ बातमी नव्हती, हा आपला मुद्दा मला मान्य आहे.

प्रतिभेच्या वावाविषयी सांगायचे तर, विअर यांच्या दहा वर्षांत योगायोगाने सर्व काही येऊन गेले : राणीच्या कारकिर्दीचा सत्तर वर्षांचा महोत्सव, तिची अंत्ययात्रा आणि नव्या राजाचा राज्याभिषेक. १९ सप्टेंबर २०२२ रोजी वेस्टमिन्स्टर अॅबेतील अंत्यविधीसाठी त्यांनी बायबलमधील बेचाळिसाव्या स्तोत्राला चाल दिली, आणि मे २०२३ मधील राज्याभिषेकासाठी वाद्यवृंदाची एक रचना लिहिली. पण उरलेल्या वेळात त्यांनी या पदाचा उपयोग प्रामुख्याने शाळांतील संगीतशिक्षणाची आणि हौशी गायकवृंदांची बाजू मांडण्यासाठी केला. विशीत ग्रामीण शाळांमधून जे काम केले, तेच साठीनंतर मोठ्या व्यासपीठावरून चालू ठेवले, असे मला त्यात दिसते.

थेम्सकाठ :

मी गेली अनेक वर्षे लंडनच्या एका उपनगरातील हौशी गायकवृंदात आल्टो, म्हणजे स्त्रियांच्या खालच्या पट्टीचा भाग, गाते. आमच्यात कोणी दंतवैद्य आहे, कोणी बस चालवतो, दोन निवृत्त शिक्षिका आहेत. आम्ही विअर गायलो आहोत, म्हणून हा प्रतिसाद.

केंब्रिजच्या किंग्ज कॉलेज चॅपलमध्ये दर नाताळच्या आदल्या दिवशी होणाऱ्या उपासनेसाठी स्टीफन क्लीबरी यांनी १९८३ पासून दरवर्षी एका संगीतकाराकडून नवे नाताळगीत लिहून घ्यायला सुरुवात केली. १९८५ साली ते काम विअर यांच्याकडे आले आणि त्यांनी 'इल्यूमिनारे जेरुसलेम' लिहिले. शब्द जुन्या स्कॉट्स बोलीतील आहेत, ध्रुवपद लॅटिन आहे. पहिल्या तालमीला आमच्या गटात नाराजी होती, कारण उच्चार कोणालाच येत नव्हते आणि चाल कागदावर अगदी साधी, जवळजवळ पोरकट दिसत होती. प्रत्यक्ष गाताना ती साधी राहिली नाही. ठेका एका ठिकाणी स्थिर बसत नाही, शब्दांच्या वजनाप्रमाणे तो लांबतो आणि आखडतो. मोजायचे विसरलात की शेजारच्याच्या पायावर पाय पडतो. ऑर्गन बराच वेळ गप्प असतो आणि मोजक्याच जागी खालच्या पट्टीत बोलतो. ते पहिल्यांदा झाले तेव्हा आमच्या सभागृहाची फरशी हलल्याचा भास झाला. सगळे गीत काही मिनिटांत संपते. आमच्या संचालिकेने 'पुन्हा' म्हटले तेव्हा कोणी कुरकूर केली नाही.

केतकीबन यांनी हौशी गाणाऱ्यांविषयी जे लिहिले आहे, त्याला माझी साक्ष धरावी. अनेक समकालीन संगीतकारांच्या रचना आमच्यासारख्यांच्या आवाक्याबाहेर असतात, आणि जे मुद्दाम आमच्यासाठी लिहितात त्यांच्यापैकी बरेच जण आम्हांला साखरेच्या पाकात बुडवतात. विअर यांच्या रचनेत आम्हांला जमेल एवढेच मागितलेले असते, पण ते पूर्ण मागितलेले असते.

खर्जातला :

संगीतिकांविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहितो. हे सर्व मी ध्वनिमुद्रणांवरून आणि स्वरसंहिता पाहून लिहीत आहे, हे आधी सांगतो.

'अ नाइट अॅट द चायनीज ऑपेरा' प्रथम जुलै १९८७ मध्ये चेल्टनम महोत्सवात केंट ऑपेराने सादर केली. कथा मंगोलांच्या ताब्यातील चीनमध्ये घडते. चाओ लिन या तरुणाचे वडील परागंदा झालेले आहेत, आणि तो मोठा होऊन त्याच राजवटीच्या कालव्याच्या कामावर अधिकारी होतो. दुसऱ्या अंकात कामगारांच्या करमणुकीसाठी तीन नट एक जुने नाटक करतात : चाओ घराण्यातील अनाथ मुलाचे. युआन काळात, म्हणजे त्याच मंगोल राजवटीत, लिहिले गेलेले हे नाटक खरोखरच अस्तित्वात आहे. ते पाहता पाहता चाओ लिनला त्यात आपलीच कथा दिसू लागते. सूडाचा क्षण जवळ येतो आणि नेमका तेव्हा भूकंप होऊन नाटक अर्धवट थांबते. तिसऱ्या अंकात चाओ लिन ते नाटक आपल्या आयुष्यात पुरे करायला जातो, पकडला जातो आणि त्याला देहदंड होतो. मग ते तिघे नट परत येतात आणि राहिलेला शेवट करून दाखवतात, ज्यात अनाथ मुलगा जिंकतो. विअर या ठिकाणी एक अश्रूही ढाळत नाहीत. संगीत हसरेच राहते, आणि त्यामुळेच ते अंगावर येते.

दुसऱ्या अंकातील नाटकासाठी त्यांनी वाद्यवृंद अगदी पातळ करून टाकला आहे. बोलणे आणि गाणे यांच्या सीमेवर नट वावरतात, वेगाने आणि नाकासमोर बघून. 'किंग हॅराल्ड'मध्ये एका गळ्यावर केलेला प्रयोग येथे तीन नटांवर केलेला आहे, असे म्हणता येईल.

'द व्हॅनिशिंग ब्राइडग्रूम' स्कॉटिश ऑपेराने ग्लासगोत सादर केली. तिच्यात पश्चिम हायलँड्समधील तीन लोककथा एकापुढे एक गुंफल्या आहेत. मधली कथा मला सर्वांत प्रिय आहे : मूल जन्मल्याच्या आनंदात मद्य आणायला गेलेला बाप वाटेत पऱ्यांच्या टेकडीत शिरतो, घटकाभर नाचून घरी परततो, आणि मधे वीस वर्षे उलटून गेलेली असतात.

मात्र 'ब्लाँड एकबर्ट' ही विअर यांची सर्वांत पूर्ण कृती आहे, असे माझे मत आहे. ल्यूडविग टीक या जर्मन लेखकाच्या १७९७ सालच्या कथेवरून ती बेतली असून एप्रिल १९९४ मध्ये लंडनच्या कोलिझियममध्ये इंग्लिश नॅशनल ऑपेराने ती प्रथम सादर केली. एकबर्ट आणि त्याची बायको बेर्था डोंगरात एकाकी राहतात. एका रात्री वाल्टर नावाचा मित्र येतो. बेर्था त्याला आपल्या बालपणाची हकीकत सांगते : घरातून पळून जाणे, रानातली म्हातारी, तिचा कुत्रा, आणि रत्ने असलेली अंडी घालणारा पक्षी. त्या कुत्र्याचे नाव मात्र इतक्या वर्षांत तिला कधी आठवलेले नाही, असेही ती बोलून जाते. हकीकत संपते, वाल्टर झोपायला उठतो, आणि जाता जाता सहज त्या कुत्र्याचा उल्लेख करतो, नावानिशी.

पुढचे सांगत नाही. एवढेच सांगतो की वाल्टर, नंतर भेटणारा ह्यूगो नावाचा मित्र आणि ती म्हातारी ही तिन्ही पात्रे एकाच टेनर, म्हणजे उंच आवाजाच्या पुरुष, गायकाने गायची आहेत, आणि यामागे पैशांची काटकसर नाही. केतकीबन ज्याला विअर यांचा ध्यास म्हणतात, तो येथे कथेच्या गाभ्यात जाऊन बसला आहे. हॅराल्डमध्ये एक गळा अनेक माणसे होतो याचे आपण कौतुक करतो; येथे तेच पाहून अंगावर काटा येतो.

चौकस :

खर्जातला, आपण 'मिस फॉर्च्यून' वगळली. ती वगळण्याचे कारण सगळ्यांना ठाऊक आहे, पण धागा कारकिर्दीविषयी आहे; अपयशाचीही नोंद हवी.

खर्जातला :

बरोबर आहे. सिसिलीच्या एका लोककथेवरची ही संगीतिका जुलै २०११ मध्ये ऑस्ट्रियातील ब्रेगेंझ महोत्सवात आणि मार्च २०१२ मध्ये लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये झाली. श्रीमंत घरची टीना ही मुलगी बापाचे दिवाळे निघाल्यावर बाहेर पडते आणि नशीब तिची पाठ सोडत नाही. कथा आजच्या काळात आणलेली आहे. तिच्यात कबाबची गाडी आहे, लॉटरीचे तिकीट आहे आणि मंचावर ब्रेकडान्स करणारे नर्तकही आहेत. लंडनच्या समीक्षकांनी तिला फाडून खाल्ले.

समीक्षकांचा राग मला थोडा अतिरेकी वाटला, परंतु त्यांचे मूळ निरीक्षण चुकीचे नव्हते. लोककथेत माणसे का वागतात हे सांगावे लागत नाही. राजा म्हणाला, मुलगी निघाली, वाटेत म्हातारी भेटली, एवढे पुरते. तीच कथा आजच्या शहरात आणली की प्रेक्षक कारणे मागू लागतो : ही मुलगी काम का करते, तिला पैसे कोण देतो, ती चिडत का नाही. विअर यांची संक्षेपाची शैली कारणे देत नाही, कारण ती बखरीतून आणि परीकथेतून आलेली आहे. जे स्टॅमफर्ड ब्रिजवर चालले ते कबाबच्या गाडीपाशी उघडे पडले. रॉयल ऑपेरा हाउससारखा अवाढव्य मंचही त्यांच्या पातळ विणीला मारक ठरला असावा.

त्यानंतर त्यांचे लक्ष गायकवृंदाच्या संगीताकडे अधिक वळलेले दिसते. २०१५ पासून काही वर्षे त्या बीबीसी सिंगर्स या गायकवृंदाच्या सहयोगी संगीतकार होत्या. २०१७ च्या प्रॉम्स या संगीतमहोत्सवात सदर्क कॅथीड्रलमध्ये झालेली 'इन द लँड ऑफ उझ' ही बायबलमधील ईयोबाच्या कथेवरची रचना या काळातली. म्हणजे गोष्ट सुटली नाही, फक्त नेपथ्य सुटले.

जुनेपान :

इतका वेळ वाचत होतो. आता एक शंका मांडतो. चीनचे नाटक, आइसलँडची बखर, सिसिलीची कथा, जर्मन परीकथा. शिवाय ताओ पंथाच्या वचनांवर सोप्रानो आणि वाद्यवृंदासाठी लिहिलेली 'नॅचरल हिस्टरी'. जगभरच्या गोष्टी उचलून आणण्याची ही सवय आपल्याला आज निरागस वाटते का? पाश्चात्त्य संगीतकारांनी पूर्वेकडून उसनवारी करताना घातलेले गोंधळ आपण पुष्कळ पाहिले आहेत.

आपल्याशी थेट संबंध असलेले उदाहरणही घेऊ. अमेरिकेतील मिनेसोटा ऑर्केस्ट्रासाठी विअर यांनी २००१ साली 'द वेलकम अरायव्हल ऑफ रेन' ही रचना केली. पावसाच्या आगमनाची तिची कल्पना भागवत पुराणातून आलेली आहे. दशम स्कंधाच्या विसाव्या अध्यायात जे वर्षावर्णन आहे, 'ततः प्रावर्तत प्रावृट् सर्वसत्त्वसमुद्भवा' अशा शब्दांनी सुरू होणारे, ते येथे अनेकांना माहीत असेल. मी रचना ऐकली ती मल्हाराच्या एखाद्या अंगाची अपेक्षा ठेवून. तसे काहीही मिळाले नाही.

उत्तररंग :

जुनेपान, आपली निराशा हीच विअर यांच्या बाजूची साक्ष आहे, असे मला वाटते. मल्हार वापरला असता तर आपण त्याच्या आरोहावरोहात चुका काढल्या असत्या, आणि त्या निघाल्याही असत्या. त्यांनी भागवतातून सूर उचलले नाहीत, एक कल्पना घेतली : पाऊस आला की सगळे जीव एकदम हालचाल करू लागतात. त्या अध्यायातही कर्ता स्वरांचे काही सांगत नाही. तो एकामागून एक दृष्टान्त देत जातो. बेडूक गुरूची हाक ऐकून पाठ म्हणू लागणाऱ्या बटूंसारखे ओरडू लागतात, असा एक दृष्टान्त त्यात आहे. आपल्या आवडीचा तो असेल.

केतकीबन :

मला जुनेपान यांची शंका रास्त वाटते, आणि उत्तररंगकाकांचे उत्तर अर्धे पटते. उरलेले अर्धे मी असे देईन. 'चायनीज ऑपेरा'त विअर चिनी संगीताची नक्कल करत नाहीत; त्या चिनी रंगभूमीची शिस्त घेतात, म्हणजे कमी नट, कमी सामान आणि थेट प्रेक्षकांकडे पाहून केलेले निवेदन. स्वतःच्या हायलँड्सच्या कथांनाही त्या हेच करतात. परक्या गोष्टीला रंगीत कपडे आणि घरच्या गोष्टीला साधे, असा भेद त्यांच्याकडे दिसत नाही. आणि भारताशी त्यांचा संबंध पुस्तकापुरता राहिलेला नाही : भारतीय कथाकथनकार वायू नायडू आणि बर्मिंगहॅम कंटेम्पररी म्युझिक ग्रुप यांच्यासोबत त्यांनी 'फ्यूचर परफेक्ट' हा कार्यक्रम उभा केला होता आणि त्याचे प्रयोग इंग्लंडप्रमाणे भारतातही झाले. त्यात गोष्ट सांगणारी व्यक्ती भारतीय होती, आणि विअर यांनी तिच्याभोवती संगीत रचले. उसनवारी करणारे सहसा असे उलट बाजूला बसत नाहीत.

एक गोष्ट मला आधीच्या लेखात लिहायची राहून गेली. बेयोच्या प्रसिद्ध भरतकामावर, म्हणजे हेस्टिंग्जच्या लढाईची कथा सांगणाऱ्या त्या लांबलचक कापडी पट्टीवर, विअर यांनी १९८१ साली निवेदक आणि वादकांच्या छोट्या संचासाठी एक रचना केली. तिचे नाव 'थ्रेड!' असे आहे. म्हणजे चक्क 'धागा!', उद्गारचिन्हासह. हॅराल्ड हार्द्रादाच्या पुढचे एकोणीस दिवस त्यांनी असे वसूल केले.

थेम्सकाठ :

हे नाव मला माहीत नव्हते, आणि आता विसरणार नाही.

जुनेपान यांच्यासाठी एक सूचना. पावसाच्या रचनेकडून मल्हाराची अपेक्षा सोडून ती पुन्हा एकदा ऐकावी आणि लक्ष फक्त खालच्या आवाजाच्या वाद्यांकडे ठेवावे. मी स्वतः त्यांच्या संगीताकडे असेच गेले; वरची चाल पोरकट वाटली की तळाशी काय चालले आहे ते पाहायचे. 'इल्यूमिनारे'च्या त्या ऑर्गनने मला ही सवय लावली.

जुनेपान :

आपल्या सांगण्याप्रमाणे करून पाहतो. शंका पूर्ण गेलेली नाही, परंतु ती आता विअर यांच्यापुरती सौम्य झाली आहे.

उत्तररंग :

सर्वांचे आभार. 'हॅराल्ड' आज दुसऱ्यांदा ऐकला आणि या वेळी फक्त दोन राण्यांच्या निरोपाकडे कान ठेवले. सत्तरी उलटलेल्या माझ्या कानांना पहिल्या वेळी दोघी वेगळ्या ओळखू आल्या नव्हत्या, आज आल्या. आता खर्जातला यांच्या सांगण्यावरून 'एकबर्ट' मिळवले आहे आणि रविवारी दुपारी दार लावून ऐकणार आहे. तोपर्यंत कुत्र्याचे नाव कोणी येथे लिहू नये, ही विनंती.